चांदीच्या पावल्या: अमेरिकेची ४५ राज्ये जमली, पाच राहिली

निरंजनी
नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, पण आधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

२००० साली आम्ही न्यू जर्सीत आलो. कपडे धुण्याची यंत्रं इमारतीच्या तळघरात होती आणि ती फक्त क्वार्टर घ्यायची. क्वार्टर म्हणजे पाव डॉलर, आपली पावली. दर शनिवारी बँकेतून दहा डॉलरची गुंडाळी आणायची, चाळीस नाण्यांची. एका शनिवारी यंत्रात नाणी सरकवताना पाहिलं, तर मागची बाजू प्रत्येकाची वेगळी. एकावर घोडेस्वार, एकावर झाड, एकावर नावेत उभी असलेली माणसं. नावेवर 'न्यू जर्सी' लिहिलेलं! परक्या देशात येऊन तीन आठवडे झाले होते, आणि आपण राहतो त्या राज्याचं नाव हातातल्या नाण्यावर. ते नाणं मी यंत्रात टाकलं नाही.

तिथून सुरुवात झाली. अमेरिकेच्या टांकसाळीने पन्नास राज्यांच्या क्वार्टरची मालिका काढली होती: १९९९ ते २००८, वर्षाला पाच, साधारण दर दहा आठवड्यांनी एक नवं राज्य. साधी पन्नास नाणी २००८ च्या अखेरीस पुरी झाली, सगळी धुण्याच्या नाहीतर किराण्याच्या सुट्ट्या पैशांतून. मधल्या काळात २००३ मध्ये लेक झाली. २००४ पासून टांकसाळ चांदीच्या प्रूफ (म्हणजे संग्राहकांसाठी खास आरशासारख्या झळाळीने ठोकलेल्या) क्वार्टरचा पाच नाण्यांचा संच वेगळा विकू लागली, तेव्हा तिच्यासाठी तो दरवर्षी घ्यायला लागले. २००० ते २००३ ची नाणी नंतर मागे जाऊन मिळवली. राहिलं १९९९: डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, जॉर्जिया, कनेक्टिकट. म्हणजे आमचं न्यू जर्सीच नाही!

आता लेक नोकरीसाठी ओरेगनला चालली आहे. तिला पन्नासच्या पन्नास द्यायची आहेत. प्रश्न असे:
१९९९ चा पूर्ण सीलबंद संच घ्यावा की पाच नाणी सुटी? खरं-खोटं कसं ओळखावं? आणि प्लॅस्टिकच्या पेटीतून काढून नकाशाच्या अल्बममध्ये लावली तर चालेल का?
यजमानांचं म्हणणं, त्याच पैशात चांदीची वीट घे, नाण्याला जास्तीचे पैसे कशाला. माझं उत्तर मला माहीत आहे, पण तुमचं ऐकायचं आहे.

रानजाई
सुंदर विषय. रुमाल टाकून ठेवते, सवडीने लिहीन.

खुर्दा
निरंजनी, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी सिएटलजवळ राहतो, वीस वर्षं नाणी जमवतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी वाचकांसाठी: अमेरिकेच्या रोजच्या क्वार्टरमध्ये १९६४ पर्यंत ९० टक्के चांदी असायची. १९६५ च्या कायद्याने ती गेली आणि तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचा थर आला. राज्यांच्या मालिकेतली खिशात फिरणारी नाणी तशीच आहेत. चांदीची जी निघाली ती फक्त संग्राहकांसाठी, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत, 'एस' अक्षराची. चकचकीत घासलेल्या ठशांनी एकाहून जास्त वेळा ठोकलेली, त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र धुक्यासारखं पांढुरकं.

इथे एक मोठा घोळ होतो. 'एस' अक्षर दिसलं म्हणजे चांदी, असं नाही. साध्या धातूची प्रूफ नाणीही तिथेच झाली आणि त्यांवरही 'एस'च आहे. सुटं नाणं घेताना लोक नेमके इथे फसतात. ओळख अशी:

वजन: चांदीचं ६.२५ ग्रॅम, साधं ५.६७ ग्रॅम. दागिन्यांचा छोटा काटा हा फरक सहज दाखवतो.
कड: साध्या नाण्याच्या कडेला तांब्याची तपकिरी रेघ दिसते. चांदीच्या नाण्याची कड सगळी पांढरी.
लोहचुंबकाने काही कळत नाही, दोन्ही चिकटत नाहीत.

आता १९९९. त्या वर्षी चांदीचे प्रूफ संच जेमतेम आठ लाखांवर विकले गेले. मालिका एवढी गाजेल हे तेव्हा ठाऊक नव्हतं. संचाची मूळ किंमत ३१.९५ डॉलर होती आणि त्यात नऊ नाणी होती. पाच क्वार्टर, शिवाय सेंट, निकेल, डाइम आणि अर्धा डॉलर. नंतर मागणी वाढली आणि हे वर्ष साऱ्या मालिकेत सर्वांत महाग झालं. म्हणूनच या वर्षाच्या बनावट प्रतीही बाजारात आल्या. माझा सल्ला: मूळ वेष्टणातला पूर्ण संच घ्या, ओळखीच्या नाणेविक्रेत्याकडून, हातात घेऊन, पाहून. स्वस्त मिळतंय म्हणून अनोळखी माणसाकडून सुटी घेऊ नका.

वजनकाटा
आमचं सांगलीला तीन पिढ्यांचं सराफी दुकान. निरंजनीताई, तुमच्या यजमानांची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

६.२५ ग्रॅमचं नव्वद टंचाचं नाणं म्हणजे शुद्ध चांदी ५.६२५ ग्रॅम. पन्नास नाण्यांची २८१.२५ ग्रॅम, जवळपास चोवीस तोळे. तुमच्या राहिलेल्या पाच नाण्यांत अडीच तोळेसुद्धा नाही. त्यावर जे जास्तीचे पैसे देता ती आमच्या भाषेत घडणावळ. दागिना मोडीत घालताना घडणावळ परत येत नाही, हे प्रत्येक आईने मुलीला सांगितलेलं असतं. नाण्याचंही तेच. उद्या तुमच्या लेकीने भारतात आणून सराफाला दाखवलं तर तो टंच काढेल, घट धरेल आणि चांदीचा भाव देईल. न्यू जर्सी आहे की जॉर्जिया, त्याला काही फरक पडणार नाही.

घेऊ नका असं म्हणत नाही. पण घडणावळ कशासाठी देतोय हे पक्कं ठरवून द्या.

पिंपळपार
वजनकाटा, तुमचा हिशोब चोख आहे, पण पैठणी कोणी रेशमाच्या भावाने मोजत नाही.

वजनकाटा
@पिंपळपार, पैठणीतली जर मात्र आम्ही वजनानेच घेतो! पण मुद्दा पोचला.

गोदाकाठ
माझा अनुभव सांगते, निरंजनी, म्हणजे तुमच्याकडे तसं व्हायला नको.

माझ्या मावशीने टेक्सासहून माझ्या बाबांना चांदीचं टेक्सासचं नाणं पाठवलं होतं. नकाशा आणि त्यावर एक मोठा तारा, दोराच्या वेटोळ्यात. बाबांनी ते पेटीतून काढून देव्हाऱ्यात ठेवलं. वर्षभर उदबत्ती, धूप, कापूर. नाणं आधी पिवळट झालं, मग कडेने काळं. दिवाळीच्या आदल्या रविवारी आजीने निरांजनं, पंचपात्री, अत्तरदाणी घासायला काढली आणि त्या भांड्यांबरोबर नाणंही घासलं. रांगोळी आणि चिंच लावून. इतकं पांढरंशुभ्र निघालं की आजी खूश! पण आरशासारखी ती पार्श्वभूमी गेली ती गेलीच. तिरपं धरलं की बारीक गोल ओरखडे दिसतात. आजी आता नाही. तिच्या बोटांनी घासलेलं ते नाणं मी जपून ठेवलं आहे, पण संग्राहकाला दाखवलं तर तो चांदीचाच भाव देईल हे मला माहीत आहे.

खुर्दा
गोदाकाठ, ते नाणं कधीही विकू नका.

बाकी सगळ्यांसाठी, कळकळीने: प्रूफ नाणं घासायचं नाही. रांगोळी, विभूती, टूथ पावडर, चिंच, लिंबू, चांदी उजळायचं द्रावण, काहीही नाही. मऊ फडक्यानेसुद्धा नाही. हातात धरायचं तर कडेला, दोन बोटांत. गंधक चांदीचा शत्रू. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, स्वस्त पुठ्ठा, लोकर यांच्या सहवासात ती काळी पडते. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत हिरवट चिकट थर धरतो. टांकसाळीची कडक पारदर्शक पेटी यासाठीच चांगली. मुंबई-कोकणच्या दमट हवेत शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती वरचेवर बदला.

म्हणून निरंजनी, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: पेटी फोडू नका. नकाशाच्या अल्बममध्ये साधी पन्नास लावा, ती हाताळायलाच असतात.

सोनटक्का
खुर्दा यांच्याशी बाकी सगळ्यात सहमत, पण पेटीच्या बाबतीत नाही. नाणं बघायला असतं. बंद पेटीत पाच-पाच करून दहा ठिकाणी ठेवली की देश दिसत नाही. मी कडक गोल डब्यांत एकेक बसवून, राज्यं देशात सामील झाली त्या क्रमाने लावली आहेत. हातमोजे घालून एकदाच काढली. तेरा वर्षं झाली, एकही काळं पडलेलं नाही.

पिंपळपार
मी शिकागोत. माझ्याकडे चांदीची नाणी फार नाहीत, पण या नाण्यांवर अमेरिका शिकलो म्हणून लिहितो.

पहिलंच नाणं घ्या. डेलावेअरचा घोडेस्वार पाहून निम्मे लोक म्हणतात पॉल रिव्हिअर, इंग्रज फौज येतेय अशी वर्दी रातोरात घोड्यावरून देणारा. तो नव्हे, तो सीझर रॉडनी. जुलै १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या ठरावावर डेलावेअरचं मत अडलं होतं. हा माणूस दम्याने बेजार, चेहऱ्यावर कर्करोग, तरी वादळी पावसात डोव्हरहून फिलाडेल्फियापर्यंत जवळपास १३० किलोमीटर दौडत गेला आणि मत दिलं. आपल्याकडे असता तर त्याच्यावर पोवाडा झाला असता.

कनेक्टिकटचं झाड म्हणजे चार्टर ओक. १६८७ मध्ये राजाचा माणूस वसाहतीची सनद परत घ्यायला आला. भर बैठकीत मेणबत्त्या विझल्या आणि सनद नाहीशी झाली. ती या ओकच्या ढोलीत लपवली होती असं सांगतात. झाड १८५६ च्या वादळात पडलं. नाण्यावर ते एकाही पानाशिवाय, नुसत्या फांद्यांचं जाळं म्हणून उभं आहे. मालिकेतलं सर्वांत देखणं नाणं माझ्या मते हेच, आणि चांदीत तर त्या फांद्या बघतच राहाव्यात.

आणि राइट बंधूंचं भांडण! विमान उडालं नॉर्थ कॅरोलायनात, म्हणून २००१ च्या त्यांच्या नाण्यावर विमान. बंधू ओहायोचे, म्हणून २००२ च्या ओहायोच्या नाण्यावर पुन्हा तेच विमान, शेजारी अंतराळवीर. सासर-माहेर दोघांनी एकाच मुलीचा फोटो दिवाणखान्यात लावावा तसं.

मेपलपान
न्यू हॅम्पशायरमधून. आमच्या नाण्याची गोष्ट कोणी सांगितली नाही अजून.

इथे फ्रँकोनिया नॉच नावाच्या खिंडीत कड्यावर खडकांच्या थरांतून म्हाताऱ्याचा चेहरा दिसायचा, बाजूने पाहिलेला. 'ओल्ड मॅन ऑफ द माउंटन'. राज्याच्या पाट्यांवर, सगळीकडे तोच. २००० साली तो आमच्या क्वार्टरवर आला. ३ मे २००३ च्या पहाटे तो चेहरा कोसळला. आम्ही २००२ च्या शरदात तिथे उभे राहून फोटो काढले होते. पुढच्या वर्षी तिथून गेलो तर नुसता कडा. लोक शोकसभेला यावेत तसे येत होते, फुलं ठेवत होते. त्या दिवसापासून माझ्या पाकिटात एक न्यू हॅम्पशायरची क्वार्टर कायम असते, साधीच. चांदीची घरी आहे.

निरंजनी
मेपलपान, अंगावर काटा आला. माझ्याकडची आता काढून पाहिली. इतकी वर्षं मला तो नुसता डोंगर वाटत होता, चेहरा आज पहिल्यांदा दिसला.

वजनकाटा, तुमचं म्हणणं यजमानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघ, सांगलीत सुद्धा कळतं." मग पिंपळपार यांचं पैठणीचं वाक्य वाचलं. त्यावर गप्प आहेत.

हिमगौरी
टोरंटोहून हजेरी. अमेरिकेच्या आधी हे काम कॅनडाने केलं, ते नोंदवलं पाहिजे. १९९२ साली देशाला १२५ वर्षं झाली म्हणून दहा प्रांत आणि तेव्हाचे दोन प्रदेश, अशी बारा पंचवीस सेंटची नाणी निघाली, महिन्याला एक. जानेवारीत न्यू ब्रन्सविकचा छप्पर असलेला लाकडी पूल. वायव्य प्रदेशाच्या नाण्यावर इनुकशुक, म्हणजे उत्तरेकडच्या इनुइट लोकांनी वाट दाखवायला रचलेली दगडी खूण. संग्राहकांसाठी हीच बारा ९२.५ टक्के चांदीत प्रूफ काढली. नुनावुत हा प्रदेश १९९९ मध्ये झाला, म्हणून तो या बारांत नाही.

माझ्याकडे बाराही आहेत आणि सगळ्यांची मिळून किंमत अमेरिकेच्या १९९९ च्या मानाने फारच मवाळ. ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांनी इथून करावी. बारा नाण्यांत मालिका पुरी होते, दहा वर्षं वाट बघावी लागत नाही.

डॅन्यूबकाठी
हिमगौरी, आमच्या ऑस्ट्रियाची तर दहाच! नऊ राज्यांची नऊ आणि शेवटचं साऱ्या देशाचं, २०१२ ते २०१६, दहा युरोची. २०१२ ला स्टायरिया आणि कॅरिंथिया, असं वर्षाला दोन. आणि यातली गंमत म्हणजे चित्रं मुलांच्या रेखाटनांवरून घेतली. त्यामुळे नाण्यावरही मुलांच्या हाताचा भाव उतरला आहे. चांदी ९२५ ची, आणि तेच नाणं तांब्यातही निघालं, ते दर्शनी किमतीला बँकेत मिळायचं. माझ्या मुलाने तांब्याची सगळी जमवली, मी चांदीची.

जर्मनीचीही राज्यांची मालिका आहे, २००६ पासून, पण ती फिरती दोन युरोची नाणी, चांदी नव्हे. फ्रान्सने २०१० पासून प्रांतांची दहा युरोची चांदीची काढली, ती टपाल कार्यालयात दर्शनी किमतीला मिळत होती. टपालाच्या रांगेत चांदी! मला ही कल्पना फार आवडली.

संत्रानगरी
हे सगळं वाचून एकच विचार येतो. आपल्याकडे राज्यांची अशी मालिका का असू नये? महाराष्ट्राचं नाणं निघालं तर त्यावर काय असावं? मी सुरुवात करतो: संत्र्याची फांदी. विदर्भाले विसरू नका!

पिंपळपार
वारी. पताका, वीणा, टाळ. टेनेसीच्या नाण्यावर फिडल, ट्रम्पेट आणि गिटार आहेत, तर आमचे टाळ-मृदंग का नकोत?

गोदाकाठ
वेरूळचं कैलास. एका दगडातून वरून खाली कोरलेलं मंदिर जगात दाखवण्यासारखं दुसरं काय आहे?

सोनटक्का
शेकरू. अलास्काच्या नाण्यावर अस्वल साल्मन मासा धरून उभं आहे, वायोमिंगवर उधळलेला घोडा. आपला राज्यप्राणी भीमाशंकरच्या झाडावर शेपटी सोडून बसलेला किती छान दिसेल! मागे ताम्हणाचं फूल, दोन्ही राज्यचिन्हं एका नाण्यात.

मावळा_८७
यात विचार कसला? महाराज! दुसरं काही मनातसुद्धा येत नाही.

खुर्दा
मावळा, भावना तीच. १९९९ मध्ये, म्हणजे डेलावेअरची क्वार्टर निघाली त्याच वर्षी, आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं निघालं होतं. ते माझ्याकडे डेलावेअरच्या शेजारीच ठेवलं आहे.

पण अमेरिकेच्या मालिकेचा एक नियम सांगतो, म्हणजे चर्चेला मजा येईल. १९९७ च्या कायद्यातच लिहिलं होतं की नाण्याच्या मागे कोणाही व्यक्तीचा खांद्यापर्यंतचा अर्धपुतळा नको, मग ती व्यक्ती हयात असो वा नसो. हयात व्यक्तीचं चित्र तर कोणत्याच रूपात नको. राज्याने काहीतरी घडताना दाखवावं, ठिकाण दाखवावं, जीव दाखवावा. म्हणून अलाबामाच्या नाण्यावर दृष्टिहीन लेखिका हेलन केलर खुर्चीत बसून वाचताना आहे, कॅलिफोर्नियाच्या नाण्यावर निसर्गरक्षक जॉन म्यूर योसेमिटीच्या कड्याकडे बघत उभा आहे, रॉडनी घोड्यावर आहे. या नियमाने महाराजांचा अर्धपुतळा बसणार नाही, पण घोडदौड बसते. राजगड, रायगड बसतात.

मावळा_८७
मग पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारी पालखी, पाऊस, घोडखिंड. रॉडनी एकटा गेला, आमच्याबरोबर सहाशे होते. घ्या.

पिंपळपार
मावळा, माझं मत तुम्हाला. वारी मागे घेतो.

माडाची_सावली
गोव्याहून. आमच्या नाण्यावर वर १९८७ येईल, महाराष्ट्राच्या १९६०. अमेरिकेच्या नाण्यांत वरचं साल राज्य देशात आलं त्याचं असतं आणि खालचं नाणं निघालं त्याचं, म्हणून म्हणते. क्रमाने काढली तर महाराष्ट्राने आमच्या आधी यायचं, हे मान्य. चित्र मात्र मंगेशीची दीपमाळ. सातमजली, पांढरी. चांदीत काढली की उजळवण्याची गरजच नाही.

काजू म्हणणारे पुष्कळ येतील. त्यांना जॉर्जियाचं पीच दाखवा, आधीच होऊन गेलं.

संत्रानगरी
फळ एकदा झालं म्हणजे संत्र्याचाही नंबर गेला की काय! हे बरोबर नाही, ताई.

मेपलपान
जॉर्जियावरून आठवलं. त्यांच्या नाण्यावर राज्याच्या नकाशाचा वायव्येचा कोपरा कापल्यासारखा आहे, डेड काउंटी हा तिथला जिल्हा सुटला असं लोक दाखवून देतात. महाराष्ट्राचा नकाशा काढाल तर गडचिरोलीचं टोक आणि सिंधुदुर्गाचं टोक दोन्ही नीट घ्या.

उजळणी
मूळ विषयाला धरून एक सांगायचं आहे. मी दृष्टिहीन मुलांच्या शाळेत शिकवते. माझ्या भावाने अमेरिकेतून अलाबामाचं नाणं आणलं, २००३ चं. त्यावर हेलन केलरचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि ब्रेलमध्येही आहे. अमेरिकेच्या चलनात आलेल्या नाण्यांवर ब्रेल पहिल्यांदाच आलं ते इथे. नाणं लहान, ठिपके बारीक, त्यामुळे बोटाने वाचणं अवघड आहे. तरी आठवीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीने ते दहा मिनिटं हातात फिरवलं आणि विचारलं, "बाई, हे नाणं देऊन त्या देशात खरंच काही विकत घेता येतं?" येतं म्हटल्यावर तिने ते घट्ट मुठीत धरलं.

म्हणून मी साधंच नाणं शाळेत ठेवते. चांदीचं प्रूफ असतं तर हात लावू नका म्हणावं लागलं असतं.

खुर्दा
उजळणी, मी पुढच्या वेळी भारतात येताना अलाबामाची साधी नाणी घेऊन येईन. तुमच्या वर्गात मुलं किती ते संदेशाने कळवा.

सोनटक्का
माझ्याकडचीही घ्या. अलाबामाची दुप्पट आहेत.

दवबिंदू
उशिरा आले. निरंजनी, एक सावधगिरी. 'चोवीस कॅरट सोन्याचा मुलामा दिलेली पन्नास राज्यं' आणि रंगीत छापलेली राज्यं भरपूर विकली गेली. मी २००६ मध्ये दूरचित्रवाणीवरची जाहिरात पाहून एका विक्रेत्याकडून असा पेटारा घेतला, चांगले पैसे मोजून. वर मखमल, आत प्रमाणपत्र. पुढे नाणेविक्रेत्याकडे नेला तर कळलं, साधीच फिरती नाणी, वर मुलामा. दर्शनी किमतीपलीकडे काही नाही. टांकसाळ असला मुलामा देत नाही, तो कोणीतरी बाहेर दिलेला असतो. मुलीच्या बारशाच्या वेळी घेतला होता, त्याचं जास्त वाईट वाटलं.

वजनकाटा
दवबिंदू, फार महत्त्वाचं लिहिलंत. मुलाम्याचं सोनं पापुद्र्यापेक्षाही पातळ असतं, मोडीत काहीच येत नाही.

आणि एक कबुली देतो. हा धागा वाचून वडिलांच्या तिजोरीतला डबा काढला. १९६९ ची गांधीजींची दहा रुपयांची नाणी निघाली सात, ८० टंचाची, १५ ग्रॅमची. वडिलांनी लोकांकडून मोडीत घेतलेली, पण आटवली नाहीत. का नाही आटवली, विचारलं. म्हणाले, "गांधींना मुशीत कसं घालणार?" तीन पिढ्या चांदी आटवणाऱ्या घरात ही सात नाणी तशीच राहिली. तेव्हा निरंजनीताई, घडणावळ द्या.

पिंपळपार
वजनकाटा, काकांना आमचा नमस्कार सांगा.

कंदील
लक्ष्मीपूजनाला ठेवता का ही नाणी? आमच्याकडे पाटावर चांदीचे रुपये मांडतात, हळद-कुंकू वाहतात, काही जण दुधाने धुतात.

निरंजनी
ठेवते, पण पेटीसकट. हळद-कुंकू पेटीवर. गोदाकाठ यांचा प्रतिसाद वाचल्यावर यंदा पाटाऐवजी वेगळ्या ताटात ठेवणार, निरांजनापासून लांब.

निरंजनी
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. खुर्दा यांच्या सल्ल्याप्रमाणे इथल्याच एका जुन्या नाणेविक्रेत्याकडे गेले आणि १९९९ चा पूर्ण संच हातात घेऊन पाहिला. खोका, प्रमाणपत्र, पेटी सगळं मूळ. शेजारी त्याने मुद्दाम साध्या धातूचा त्याच वर्षाचा संच ठेवला. फरक सांगावा लागला नाही. साधा किंचित करडा, चांदीचा दुधासारखा. घेतला.

यजमान बरोबर आले होते. दुकानात त्यांनी काही म्हटलं नाही. गाडीत बसल्यावर न्यू जर्सीचं नाणं पेटीतून बराच वेळ पाहिलं. वॉशिंग्टन आणि त्याचे सैनिक नावेतून डेलावेअर नदी ओलांडताहेत, १७७६ च्या नाताळच्या रात्री. म्हणाले, "इथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे ती जागा. पंचवीस वर्षांत गेलो नाही आपण." परवा रविवारी गेलो, लेकीलाही घेऊन. नदी अरुंद आहे, थंडीत पाण्यात बर्फ वाहताना काय झालं असेल ते काठावर उभं राहूनच कळतं.

पेटी फोडली नाही. चांदीची दहाही पेट्यांत राहतील, साधी पन्नास नकाशात. लेक म्हणाली चांदीची सध्या इथेच ठेव, माझ्या भाड्याच्या खोलीत नको. बरोबर नेला तो नकाशा. ओरेगनच्या नाण्यावरचं क्रेटर लेक हे सरोवर तिला तोंडपाठ आहे, आता जाऊन बघणार.

एक नवा प्रश्न मात्र राहिला: २००९ ची सहा नाणी यात धरायची का?

खुर्दा
अभिनंदन! फार आनंद झाला.

२००९ ला राजधानीचा जिल्हा आणि पाच प्रदेश आले: प्वेर्तो रिको, ग्वाम, अमेरिकन सामोआ, व्हर्जिन बेटं आणि उत्तर मारियाना बेटं. चांदीतही निघाली. कायद्याने ती वेगळी मालिका, पण माझ्या कपाटात ५६ एकत्र आहेत. ती राज्यं नाहीत, म्हणून त्यांना मागे ठेवणं मला जमलं नाही. घ्या तुम्ही.

रानजाई
रुमाल उचलते. लिहायचं ते खुर्दा यांच्या प्रतिसादाने सोपं केलं. माझ्या नवऱ्याची ग्वामला दोन वर्षं नेमणूक होती. नाण्यावर बेटाचा आकार आहे, एक शिडाची होडी आणि एक लाट्टे, म्हणजे तिथल्या जुन्या घरांना आधार देणारा दगडी खांब, वर वाटीसारखा दगड. आमच्या घराजवळच्या बागेत असे आठ खांब रांगेत उभे होते. संध्याकाळी मुलं त्यांच्याभोवती लपाछपी खेळायची. कॅलिफोर्नियात परत आलो तेव्हा ग्वाम कुठे आहे, हे शेजाऱ्यांना नकाशात दाखवावं लागलं. आता नाणं काढून दाखवते.

निरंजनी, माझ्याकडे ग्वामचं चांदीचं एक जास्तीचं आहे, गोल डब्यात. पत्ता संदेशाने पाठवा.